बिनमिशांची सावित्री

तमाम वाचकांना, त्यांच्या कुटुंबीयांना आणि शेजारून मान वाकडी करून वाचणाऱ्यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, ज्या इसमाने कुंभकर्णाला झोपेतून उठवून गुडघाभर चिखलात भाताच्या आवणीला लावले, इंद्राच्या दरबारात अप्सरांकडून मागच्या सालचा नाच परत मागितला आणि साक्षात यमधर्माला मुळशीच्या चढावर वाट चुकवली, तो इसम माझा सख्खा मेव्हणा होता. पुराणातलं एकही पात्र दाजींच्या हातून अब्रूनिशी सुटलं नाही. बाजारात बाई जशी वांगं उलटंपालटं करून किडीचं भोक शोधते, तसे दाजी प्रत्येक जुनी गोष्ट उलटीपालटी करून बघत, आणि भोक सापडलं की त्यांचा चेहरा असा उजळे की वांगंच फुकट मिळालं असावं. मग ते भोक ते नाटकातून सगळ्या गावाला दाखवत. गाव हादरे. पुढच्या वर्षी दुप्पट गर्दीनं पुन्हा हादरायला येई.

दाजींची भाताची गिरणी होती. गिरणीच्या इंजिनाचा आवाज एवढा, की नवखं माणूस आत आलं तर पहिल्यांदा कान धरी आणि मग देवाचं नाव घेई. त्या आवाजात, भुवयांवर कोंडा साचलेला, एका हातानं पोत्याचं तोंड धरलेलं, अशा अवस्थेत दाजी संवाद रचत, आणि तिथेच भात घेऊन आलेल्या नटांकडून ते घोकून घेत. परिणाम असा झाला की दाजींच्या नाटकातलं प्रत्येक पात्र बोंबलूनच बोले. इंजिनापेक्षा हळू बोलायची कुणाला सवयच नव्हती. "प्रिये, कोणी ऐकेल, हळू बोल," हे वाक्य नायक असं ओरडून म्हणे की धरणाच्या पल्याड चरणाऱ्या म्हशी माना वर करत. मी एकदा भीत भीत म्हणालो, "दाजी, प्रेमाचं भाषण जरा हलक्या आवाजात नको का?" दाजी म्हणाले, "बापू, हलक्या आवाजात बोलून कुणाचं लगीन जमलंय का आजवर?"

त्यांचा पहिला हादरा आमच्या घराला बसला तो लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळसणाला. आम्ही पौडचे. नवा जावई आला म्हणून वडिलांनी देवळात कीर्तन ठेवलं होतं. बुवांनी हरिश्चंद्राचं आख्यान लावलं. राजानं स्वप्नात राज्य दान दिलं, इथवर येताच बायकांचे पदर डोळ्यांना लागले, पुरुष खाकरू लागले. आणि नेमका त्या क्षणी नवा कोरा फेटा बांधलेले आमचे जावईबापू उभे राहिले.

"बुवा, येक शंका हाय."

"बोला, पाव्हणं."

"राजानं समदं राज्य दिलं, लई चांगलं केलं. पर देताना बायकूला इचारलं व्हतं का?"

पखवाजवाल्याचा हात वरच्या वर राहिला. वडिलांनी डोळे मिटले ते आरतीलाच उघडले. बुवा मोठे, त्यांनी सावरून घेतलं, "अहो, स्वप्नात दिलेलं दान ते! बायकोला कधी विचारणार?"

"मंग सकाळी उठल्यावर तरी सांगायचं की! बिचारी चूल पेटवून बसली आसंल."

आईनं मला कोपरानं ढोसलं आणि अक्काकडे बोट केलं. माझी थोरली बहीण बायकांत मान खाली घालून बसली होती, पदराचा बोळा तोंडात, आणि तिचे खांदे गदागदा हलत होते. "रडतीय रे पोरगी," आई कुजबुजली, "कुठल्या खुळ्याला दिली आपण!" मलाही तसंच वाटलं. त्या खांद्यांचं खरं कारण समजायला मला फार वर्षं लागली.

दाजींचं गाव मुळशी धरणाच्या काठावर. जुनं गाव दाजींच्या लहानपणीच पाण्याखाली गेलं होतं आणि नवं गाव वर चढावर वसलं होतं. उन्हाळ्यात पाणी हटलं की जुन्या घरांची जोती एकेक करून उघडी पडत, आणि वैशाखातल्या जत्रेचं नाटक जुन्या चावडीच्या जोत्यावर होई. तेही दिवसा, उन्हं कलल्यावर. कारण वरच्या वाड्यांतून येणाऱ्यांना अंधार पडायच्या आत डोंगर चढून घरी जायचं असे. वाटेत बिबट्याची वहिवाट होती. या नाटकाचा एक कडक नियम होता. जत्रेत पालखीला खांदा कुणाचा, नारळ कुणाचा, हे मान जसे घराण्यांत वाटलेले असतात, तशी नाटकातली कामंही वाटलेली होती. राजाचं काम पाटलांच्या घरात. मग पाटील पंचावन्न वर्षांचे असोत, त्यांना एक ओळ पाठ न होवो, राजा तेच. दुसरा कुणी असता तर डोकं आपटून घेतलं असतं. दाजींनी युक्ती काढली. त्यांच्या नाटकातला प्रत्येक राजा एकतर मौनात असे, नाहीतर झोपलेला, नाहीतर रुसलेला. सगळं भाषण प्रधान करी. पाटील तलवार मांडीवर घेऊन नुसते बसत आणि फार खूश असत. "राजानं बोलायचं कशापायी?" ते मला अभिमानानं म्हणाले होते, "मंग नोकर कशाला ठिवल्यात?"

राणीचं काम गावच्या सुताराच्या घरात होतं. सुतार म्हणजे रंधा मारून मारून दंड कमावलेला गडी, गळा मात्र गोड. अडचण एकच: मिशी. आमच्याकडे बाप जिवंत असेतो पोरगा मिशी उतरवत नाही. ओठ मोकळा दिसला की लोक काही न विचारता डोक्याचं मुंडासं काढतात. सुताराचा म्हातारा बाप चांगला ठणठणीत होता, भाकरी फोडून दुधात कुस्करून दोन वेळा खात होता. त्यामुळे वर्षानुवर्षं मुळशीतल्या सगळ्या राण्या, अप्सरा आणि राक्षसिणी नाकापासून खाली पदर धरून वावरल्या. भाषण करताना पदर जरा हले, मिशीचं एक टोक बाहेर डोकावे, आणि लोक शिट्ट्या मारत. दाजींना याचं काही वाटत नसे. त्यांच्या नाटकाला मिशी शोभून दिसे.

आता त्या वर्षाकडे येतो, ज्या वर्षी दाजींचा संसार मोडायला आला. आदल्या जत्रेला त्यांनी हरिश्चंद्र लावला होता. कीर्तनातली शंका पोटात ठेवून बसले होते, तिचं नाटक झालं. राजा येऊन सांगतो (म्हणजे प्रधान सांगतो, राजा मान हलवतो) की राज्य दिलं. त्यावर राणी कंबरेवर हात ठेवून म्हणते, "द्या, समदं द्या. माझं काय, मी आपली हाय झालं!" गावातली बायामाणसं आधी चमकली आणि मग लोळायची बाकी राहिली. कारण हे वाक्य अक्काचं होतं. ती ते दिवसातून सतरांदा म्हणे. वर सुतारानं नेसलेला शालू अक्काच्या लग्नाचा होता. खेड्यात माणसाचं तोंड विसरतील, पण कुणाच्या अंगावर कोणतं लुगडं पाहिलं ते बायका विसरत नाहीत. जोत्यावर उभी होती ती हरिश्चंद्राची राणी नव्हती, ती मिशी लावलेली माझी बहीण होती.

अक्का नाटकाला जात नसे. तिला हे समजलं ते दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर. एक जण म्हणाली, "घागर आदी तू भर गं. माझं काय, मी आपली हाय झालं!" आणि सगळ्या हसल्या. अक्कानं महिना सोसलं, दोन महिने सोसलं. मग एका बारशात पाळण्याची दोरी धरलेल्या शेंबड्या पोरीनं ते वाक्य म्हटलं, आणि अक्का बारसं टाकून उठली, शालू बासनात बांधला आणि एसटीनं पौडला आली. "चार दिवस राहीन म्हंते," म्हणाली. चार दिवसांची दिवाळी गेली, संक्रांत गेली.

दाजी न्यायला आले. ओसरीवर बसले. अक्का आत दाराआड. दोघांत एक कुडाची भिंत, आणि मी उंबऱ्यावर. पुढचं सगळं बोलणं माझ्या थ्रू झालं, म्हणजे दोघांनाही एकमेकांचं स्पष्ट ऐकू येत होतं आणि तरी मला मध्ये घ्यायचं होतं.

"बापू, इचार तुझ्या अक्काला, घरी कवा येनार?"

"बापू, सांग तुझ्या दाजींना, घरी मिशीवाली बायको हाय की त्यांची!"

"बापू, सांग तिला, चुकलं माझं."

मी माझ्या आयुष्यात दाजींच्या तोंडून 'चुकलं' ऐकलं नव्हतं. मी हादरलो. अक्काही हादरली असावी. मग आतून आलं ते असं:

"बापू, त्यांना म्हनावं, आजवर गाव हसवलं. माझ्यावरबी हसवलं. येकदा, फकस्त येकदा, गाव रडंल असं नाटक करा. येक चावटपना न्हाई. गाव खरंच रडलं, तर त्याच दिशी गाडीत बसीन. न्हाईतर मी आपली हितंच बरी."

दाजींचा चेहरा पांढरा पडला, कोंड्यानं पडतो त्याहून पांढरा. ते उठले, चप्पल घालायचं विसरून एसटीपर्यंत गेले, आणि पुन्हा चपलेसाठी परत आले. जाताना मला म्हणाले, "बापू, तुझ्या अक्कानं माझा हात मागितला असता तर गिरणीच्या पट्ट्यात घालून दिला असता. हे काय मागितलं रं तिनं?"

पण लिहायला बसले. गोष्ट निवडली सत्यवान-सावित्रीची, जिच्यात रडण्याशिवाय गत्यंतर नाही. आणि तरी काय हाल झाले त्या माणसाचे! विनोद म्हणजे पावसाळ्यातली जळू. एक उपटली की दुसरी चिकटलेली. मी रविवारी गेलो की मला वाचून दाखवत. यम सावित्रीला म्हणतो, "बाई, मागे फिर." ठीक. सावित्री म्हणते, "नाथांशिवाय मला घर नाही." फार छान. लगेच यम म्हणतो, "रेड्यावर तिघं बसत न्हाईत." मी दाजींकडे बघितलं. दाजींनी डोळे पुसत ती ओळ खोडली. "कुटनं येतंय हे माझ्या तोंडात, देवाला ठाऊक," ते म्हणाले. शेवटी माझ्या देखत त्यांनी गणपतीपुढे शपथ घेतली: जोत्यावर उभं राहून लिहिल्याबाहेरचा एक शब्द बोलणार नाही, आकाश पडलं तरी. यमाचं काम कुणी घ्यायला तयार होईना, अशुभ म्हणून. ते दाजींनी स्वतःकडे घेतलं. सत्यवान अर्थातच पाटील, कारण तोही राजपुत्र. निम्मं नाटक मरून पडायचं म्हटल्यावर पाटील इतके खूश झाले की त्यांनी दाजींना कोंबडा पाठवला.

राहिली सावित्री. पदराआडून मिशी डोकावणाऱ्या सावित्रीला बघून कोण रडेल? दाजी सुताराच्या बापाकडे गेले, म्हाताऱ्याचे पाय धरले. म्हातारा ऐकायला जड. त्याला तीनदा ओरडून सांगावं लागलं. मग तो म्हणाला, "काडू दे की मिशी. माझा जीव काय त्याच्या मिशीत हाय व्हय?" जत्रेच्या सकाळी न्हाव्यानं वस्तरा फिरवला. गावाला आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे गावात कुणी मुंडासं काढलं नाही.

मी अक्काला घेऊन गेलो. तिनं डोक्यावरून पदर एवढा ओढला होता की तिला वाट मला दाखवावी लागत होती. पण जायच्या आधी तिनं शालूचं बासन माझ्या हाती दिलं होतं. "सावित्रीला घाल म्हनावं. पर तेलाचा डाग पडला तर बगा." यावरून काय समजायचं ते मी समजलो, आणि दाजींनी बासन हाती घेतलं ते आधी कपाळाला लावलं, त्यावरून तेही समजले.

आणि काय सांगू! नाटक रंगलं. तो रांगडा सुतार मोकळ्या ओठानं, अक्काच्या शालूत, असा देखणा दिसला की समोरच्या रांगेत कुणीतरी "आई गं" म्हणालं. सत्यवान कोसळला. त्याच्यावर पांढरं धोतर पांघरलं. सावित्री त्याच्या उशाशी बसून रडू लागली. इंजिनावरून ऐकू जाईल असा तो विलाप, पण त्या दिवशी तो डोंगरावर आपटून परत येत होता आणि अंगावर काटा उभा राहत होता. बायका रडल्या. पुरुष रडले. शेव विकणारा रडला. मी अक्काकडे पाहिलं, तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. आणि जोत्यावर शिंगांचा मुकुट घातलेला, हातात फास धरलेला यम लोकांकडे बघून स्वतःच रडत होता. गाव रडलं होतं. दाजी जिंकले होते. आणखी दोन पानं, की अक्का गाडीत.

तेवढ्यात वरच्या वाडीची माणसं उतरली. उशीर झाला होता त्यांना. त्यांच्यात सुताराची बहीण होती, वाडीला दिलेली. गावाला सांगितलं होतं, वाडीला कोण सांगणार? भाऊ दरवर्षी लुगडं नेसतो हे तिला ठाऊक होतं. लुगड्यात भाऊ बघायची तिला सवय होती, मिशीविना बघायची नव्हती. तिला लांबून काय दिसलं? भावाचा ओठ मोकळा. भाऊ धाय मोकलून रडतोय. पुढ्यात पांढरं पांघरलेलं मढं. सगळं गाव रडतंय.

"आबाऽऽऽ!" तिनं बापाच्या नावानं हंबरडा फोडला. गर्दी फाडत आली, जोत्यावर चढली आणि मढ्याच्या छातीवर पडली.

पाटील मघाशीच गाढ झोपले होते. छातीवर एकाएकी बाई पडल्यावर राजपुत्रानं काय करावं? ते धोतरासकट ताडकन उठून बसले आणि आयुष्यातलं पहिलं भाषण म्हणाले, "कोन हाय?" यमानं सोडायच्या आत सत्यवान उठलेला पाहून बायका किंचाळल्या. वाडीची माणसं छाती बडवू लागली. सुतार बहिणीला धरून "अगं, आबा हाय, आबा हाय" सांगू लागला, पण विलापाचा सूर काही त्याच्या गळ्यातून सुटेना, त्यामुळे तिला ते खरं वाटेना. या सगळ्यात जोत्याच्या अगदी कडेला बसून शेव खाणाऱ्या सुताराच्या बापानं, त्या बहिऱ्या म्हाताऱ्यानं, शेजाऱ्याला विचारलं,

"कोन गेलं रं?"

"तुमी!" शेजारी ओरडला.

"मी?" म्हातारा शेवेचा पुडा सांभाळत उभा राहिला. "कवा?"

लेकीनं बापाला पाहिलं आणि तिचा आवाज बंद पडला. सगळ्यांचाच बंद पडला. पाण्यावरून वारा येत होता, तेवढा ऐकू येत होता. आणि हजार डोळे यमाकडे वळले. एरवी अशा वेळी दाजी काय बोलले असते! अशा क्षणासाठी तर तो माणूस जन्माला आला होता. पण दाजी गप्प उभे. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावरून घामाबरोबर काजळ उतरतंय. गणपतीपुढची शपथ. रडणारं गाव हातचं गेलं होतं, बायको हातची जात होती, आणि तरी तो शब्दाला धरून उभा होता. मी माझ्या मेव्हण्याला इतकं दुःखी कधी पाहिलं नाही. मला ते बघवेना.

आणि बायकांतून माझी अक्का उठली. पदर डोक्यावरून खांद्यावर पडलेला, डोळे अजून ओले. साऱ्या गावासमोर, जिथे ती कधी पाऊल टाकत नव्हती तिथे उभी राहून ती ओरडली:

"आवं, आता तरी बोला की कायतरी! किती रडवताय मानसाला!"

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. मुकुट सरळ केला. मग म्हाताऱ्याकडे वळून, इंजिनावरचा आवाज लावून म्हणाले, "बाबा, खाली बसा. तुमच्या नावाचा सांगावा अजून आल्याला न्हाई. आन् पाटील, तुमी परत निजा बगू, तुमाला मी कुटं सोडलंय!"

त्यानंतर जे हसणं झालं ते मी पुन्हा ऐकलं नाही. म्हातारा हसला, लेक बापाच्या गळ्यात पडून हसली, पाटील आज्ञाधारकपणे पुन्हा आडवे होऊन धोतराखाली हसू लागले. अक्का खाली बसली होती. मान खाली, पदराचा बोळा तोंडात, खांदे गदागदा हलताहेत. मी शेजारी होतो म्हणून वाकून पाहिलं. ती हसत होती. दिवाळसणाच्या कीर्तनातही ती हसतच होती, हे मला तेव्हा कळलं.

अंधार पडायच्या आत दोघं बैलगाडीतून घरी गेली. दाजींना मुकुट उतरवायचं भान नव्हतं. यमाच्या शेजारी बसून, मांडीवर शालूचं बासन घेऊन चढ चढणारी बायको मी तेवढी एकच पाहिली. त्यानंतरही अक्का नाटकाला उघडपणे कधी गेली नाही. "मी न्हाई बाई त्या चावटपनाला येत," असंच म्हणे. पण शालू दरवर्षी आधीच इस्त्री करून खुंटीवर टांगलेला असे.

आता गिरणी बंद आहे. दाजी गेले ते भाताच्या कापणीत, गिरणीच्या दारात पोत्यावर टेकले आणि उठले नाहीत. घरात माणसं भरली, पण ती बोंबलून बोलणारी माणसं एकदम हळू बोलू लागली होती, आणि त्याचाच मला जास्त धक्का बसला. अक्का कोपऱ्यात बसली ती दहा दिवस एक शब्द बोलली नाही. दहाव्याला अक्काचा मुलगा, माझा भाचा, पाण्यावरून क्षौर करून आला. चांगला बापासारख्या झुपकेदार मिशा असलेला पोरगा, ओठ मोकळा करून दारातून वाकून आत आला आणि आईच्या पायांवर डोकं ठेवलं. मागे म्हातारा झालेला सुतार उभा होता, त्याचाही ओठ बाप गेल्यापासून मोकळा. अक्कानं पोराची हनुवटी धरून तोंड वर केलं. बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि मग जे तिच्या तोंडून गेलं ते ऐकून भटजींचं मंत्र म्हणणं थांबलं, बायकांनी तोंडावर हात घेतले, आणि सुतार भिंतीला धरून हसता हसता हमसाहमशी रडायला लागला. दहा दिवसांनी माझी बहीण बोलली होती, सगळ्यांदेखत, गिरणीच्या आवाजात:

"अगं बया, ही तर आपली सावित्री!"